टोपली

मी अलेंतेझूची. आमच्याकडे वेली उभ्या असतात,
तारांवर हात टाकून, ओळीत, शाळेतल्या मुलींसारख्या.
लग्न होऊन कोलारेशला आले
तर इथे वेली जमिनीवर पडलेल्या.
मला वाटलं, काल वादळ होऊन गेलं असेल.

"वादळ रोजचंच," सासरे म्हणाले.
"समुद्र इथून चारशे पावलं.
उभं राहील त्याचं डोकं जातं."

द्राक्षाचं नाव रामिश्कु.
लिस्बनच्या दुकानात मागितलं
तर पोरगा आत जाऊन कुणाला तरी विचारून येतो.
लहान मणी, जाड साल, निळा-काळा,
तोंडात टाकला की जीभ अशी आकसते
जशी शेजारीण, उसनं मागितल्यावर.

ती कीड आली तेव्हा, आजेसासऱ्यांच्याही आधी,
साऱ्या मुलखातल्या वेलींची मुळं तिने खाल्ली.
मग मुळं अमेरिकेतून आली, वर आपली खोडं बांधली.
माझ्या माहेरच्या त्या सगळ्या ताठ वेली
अजून दुसऱ्याच्या पायांवर उभ्या आहेत.
किडीला वाळूत चालता आलं नाही.
म्हणून ही स्वतःच्या पायावर,
आणि ही आडवी.

जूनमध्ये घड वाळूवर भाजू नयेत म्हणून
एकेका फांदीखाली वीतभर काठी देतो आम्ही,
आजाऱ्याच्या मानेखाली उशी द्यावी तशी.
मग पिंप. मग बाटली. मग वाट.
माझ्या नवऱ्याच्या जन्माच्या सालची बाटली
त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला उघडली.
सासऱ्यांनी घोट घेतला, म्हणाले,
"दोघंही अजून तयार नाहीत."

स्वयंपाकघरात खुंटीला एक टोपली होती.
मी तिच्यात कांदे ठेवायचे. बारा वर्षं कांदे.
एकदा ईरियाने, माझ्या धाकटीने, ते मेजावर ओतले,
टोपली डोक्यात घातली, पार हनुवटीपर्यंत,
आणि चाचपडत आजोबांना धरायला निघाली.
ते खुर्चीतून इतक्या झटकन उठले
की मी पाहातच राहिले.
टोपली काढली नाही त्यांनी.
दोन्ही हातांनी दाबून घट्ट बसवली.

मग सांगितलं.
वाळूच्या खाली चिकणमाती, कुठे दोन पुरुष, कुठे तीन.
मूळ तिथे टेकलं पाहिजे. त्यासाठी चर खणायचा.
वाळूची भिंत आधी सांगून येत नाही.
म्हणून डोक्यावर टोपली:
कोसळली, तर आत एका डोक्यापुरती हवा,
आणि ती संपायच्या आत वरच्यांनी फावडी मारायची.
"आल्बानू आत होता," ते म्हणाले. "माझा भाऊ.
उकडत होतं, म्हणून काठावर काढून ठेवलेली."
मग एकेक कांदा वेचायला लागले.

मार्चमध्ये कश्काइशहून एक माणूस आला,
तीन पायांचं यंत्र घेऊन.
तीन बंगले, मध्ये पोहायचा तलाव.
(समुद्र चारशे पावलांवर.)
आकडा ऐकून नवऱ्याने मान खाली घातली.
सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "तलाव किती खोल?"
त्याने सांगितलं.
"खणणाऱ्यांना टोपल्या द्या."
तो हसला, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

सही अजून व्हायची आहे.
तिसऱ्या ओळीत एक वेल मेली या हिवाळ्यात.
इथे रोप आणत नाहीत. शेजारच्या जुन्या वेलीचा एक हात
चरात उतरवून जिवंतच पुरतात, टोक तेवढं बाहेर.
चरात मी उतरले. घमेली भरून वर देत होते.
कमरेइतका झाला, मग खांद्याइतका, मग वर फक्त आभाळ.
भिंतीतून एका जागी बारीक वाळू गळत होती,
कुणी चाळणी हलवावी तशी.
वरून हाक आली: "घातलीस का?"

आत अंधार. फटींतून समुद्र.
केसांत कांद्याची सालं, ओठाला चिकटलेलं एक.
"घातली," म्हटलं,
आणि माझाच आवाज मला
फार जवळून ऐकू आला.